बंडगर मॅडम आणि डुलणाऱ्या खिडक्या

कमल बंडगर यांना माफ करणं जमत नसे, आणि हे त्या स्वतःच सांगत. ऑफिसात नवीन माणूस रुजू झाला की त्याला खुर्ची, पासवर्ड आणि चहाची वेळ सांगून झाल्यावर त्या एवढंही सांगून टाकत, "माफ करणं माझ्यात बसवलेलंच नाय. मागून टाकायला गेलं तर चालत नाय." नवीन माणूस हसायचा. त्या हसत नसत.

आमचं ऑफिस जालना रोडवर, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर होतं. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. चहूबाजूंनी शेतं मोडून प्लॉट पडत होते, आणि त्या प्लॉटांचे नकाशे संगणकावर उतरवून देण्याचं काम आमची खाजगी कंपनी करायची. मी नकाशे काढायची. बंडगर मॅडम सगळे संगणक सांभाळायच्या. मी त्यांना ताई म्हणायची, बाकीचे मॅडम. सगळी मशीनं लिनक्स या संगणकप्रणालीवर चालत. मालकांना ते फुकट मिळतं म्हणून आवडायचं आणि ताईंना ते उघडून आतलं बघता येतं म्हणून.

ताई उंच, हाडानं दणकट, उन्हानं रापलेल्या. मनगटावर हिरवं गोंदण. खिशाची सोय म्हणून साडीवर पुरुषी जाकीट घालत, आणि त्या खिशात कायम खारे शेंगदाणे. आवाज कधी चढला नाही. कुणी अपमान केला की त्या फक्त "बरं" म्हणायच्या. त्यांच्याबरोबर दोनेक वर्षं काम केलेल्या माणसाला त्या "बरं"ची धडकी भरायची, कारण ते ऐकणाऱ्याचं पुढं काहीतरी होणार हे नक्की असायचं. कधी होणार एवढंच ठाऊक नसायचं.

त्यांचं लहानपण दौलताबादला, किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात गेलं. वडील मेंढरं राखायचे. शाळेत एक गुरुजी होते, त्यांनी कमलला कायम दाराजवळ बसवलं. कपड्याला मेंढरांचा वास येतो, बाकीच्या पोरांना त्रास होतो म्हणून. पावसात दारातून ओल यायची, थंडीत वारा. ही मुलगी पुढं एमएस्सी झाली, शहरात नोकरीला लागली, आणि एका मे महिन्यात तिला कळलं की गुरुजींचा निवृत्तीचा सत्कार आहे. ताई गेल्या. रांगेत उभ्या राहिल्या. लोक शाली पांघरवत होते. ताईंनी नुकतंच विणलेलं, न धुतलेलं काळं घोंगडं नेलं होतं. ते त्यांनी गुरुजींच्या खांद्यावर घातलं, पुढून नीट लपेटलं, पाया पडल्या आणि माईकवर जाऊन सांगितलं की हे माझ्या वडिलांनी स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीचं केलंय, आमच्यात याहून मोठा मान नाही. टाळ्या पडल्या. आता ते उतरवायचं कसं? भाषणं संपेपर्यंत गुरुजी त्या उन्हाळ्यात घोंगड्यात बसून राहिले.

"वडिलांनी खरंच केलं होतं का?" मी विचारलं.

"व्हय. आणि सांगितलं होतं त्यांना, कुणासाठी हाय ते. त्यांनी धुतलं नाय मग."

दुसरी गोष्ट आमच्या कामातलीच. त्या काळी लिनक्सच्या पडद्यावर शोभेचे चाळे करायची मोठी हौस होती. खिडकी ओढली की ती जेलीसारखी डुलायची, बंद केली की जळून गेल्यासारखी विरायची, आणि सगळा पडदा एखाद्या ठोकळ्यासारखा फिरवता यायचा. या बाजूला एक काम, वळवलं की दुसऱ्या बाजूला दुसरं. दिसायला छान. पण आमचा नकाशाचा प्रोग्राम जुना होता आणि त्याचं या शोभेशी पटायचं नाही. ताईंनी ते मला एकदा शेंगदाणे सोलता सोलता समजावलं होतं. साधा प्रोग्राम आपलं चित्र थेट पडद्यावर रंगवतो. शोभा चालू केली की मध्ये एक दलाल येतो. सगळ्यांनी आपापलं चित्र त्याच्याकडं द्यायचं, तो ते वाकवून, डुलवून पडद्यावर लावणार. "आपला नकाशा म्हणतो, मी कुणाला देणार नाय, मीच रंगवणार. दोघंबी चित्र काढणाऱ्या एकाच कार्डावर हक्क सांगायलेत. मग काय होतं, नकाशा बदलला तरी दलाल जुनंच चित्र दाखवत बसतो. खिडकी जरा हलवली की त्याला जाग येते."

कधी नकाशा काळा पडायचा, कधी लुकलुकायचा, आणि कधी नुसता थिजायचा. थिजणं सगळ्यात वाईट, कारण थिजलेलं कळत नाही.

सुरुवातीला ही अडचण ताईंनाही उमगली नव्हती, तेव्हा त्यांनी जगभरच्या लिनक्सवाल्यांच्या एका फोरमवर प्रश्न टाकला. कुठल्याशा थंड देशातल्या एका माणसानं उत्तर दिलं की भंगार कार्ड घेऊन इथं येऊ नये, चांगलं कार्ड घ्यावं. ताई स्क्रीनकडं बघून "बरं" म्हणाल्या. उपाय त्यांचा त्यांनीच शोधला. पुढं बऱ्याच काळानं त्याच माणसाचा प्रश्न आला. त्याचा फोटो दुरुस्त करायचा प्रोग्राम शोभा चालू केल्यावर काळा पडत होता आणि कुणाला उत्तर येत नव्हतं. ताईंना येत होतं. त्यांनी लिहिलं, चांगलं कार्ड घ्या. मग जाकिटातून पैसे काढून सगळ्या ऑफिसला चहा पाजला.

"खरं उत्तर द्यायला हवं होतं ताई," मी पुढं एकदा म्हटलं.

"दिलं की. पुढच्या महिन्यात. आधी जरा तडफडू दिला."

त्यांचा राग दुसऱ्यासाठीही तेवढाच चालायचा, हे मला दुष्काळाच्या पहिल्या उन्हाळ्यात कळलं. नळाला पाणी आठवड्यातून कधीतरी यायचं. आम्ही सिडकोत भाड्यानं राहायचो आणि पाण्याच्या दिवशी घरमालक वरच्या टाकीचा आमच्याकडचा कॉक बंद करून टाकायचे. मी ऑफिसात सहज बोलून गेले. पुढच्या पाण्याच्या दिवशी सकाळी ताई स्कूटरवरून आल्या, मला न विचारता गच्चीवर गेल्या आणि टाकीच्या झाकणावर मांडी घालून बसल्या. मालकीणबाई वर आल्या, मालक आले. ताई शेंगदाणे खात होत्या. आमच्या बादल्या भरून होईस्तोवर त्या उठल्या नाहीत, आणि बोलल्याही नाहीत. त्यानंतर तो कॉक कधी बंद झाला नाही. मालक मात्र अनेक दिवस मला विचारत होते, त्या बाई पुन्हा येणार आहेत का.

आता मुळे साहेबांचं सांगायला हवं.

मुळे साहेब आमचे मॅनेजर. गोरे, हसतमुख, बोलण्यात साखर. माणूस दुष्ट नव्हता, असं मी तेव्हा म्हणत असे. त्यांना पाहुण्यांना दिपवायची भारी आवड. पडद्यावरची ती सगळी शोभा त्यांच्यासाठीच बनवली होती जणू. कुणी बिल्डर आला की ते ठोकळा गरकन फिरवायचे, खिडक्या डुलवायचे, आणि आलेला माणूस आ वासून बघायचा.

पाऊस दुसऱ्यांदा हुकला आणि आमच्या कंपनीला नवीन काम मिळालं. गावोगाव पाणी नेणाऱ्या टँकरांवर यंत्रं बसवायची, आणि कोणता टँकर कुठं आहे ते नकाशावर दाखवायचं. त्यासाठी ऑफिसात वेगळी खोली केली. तिथं अन्सार बसायचा. अन्सार शहागंजचा, दोन लेकरांचा बाप, अतिशय सावध माणूस. गावाकडून फोन आला की तो पडद्यावर बघून सांगायचा, टँकर अमुक ठिकाणी आहे, इतक्या वेळात पोचेल. गावातल्या बायका त्याला "अन्सारदादा" म्हणून नावानिशी ओळखायच्या.

त्या खोलीसाठी ताईंनी एक छोटी सोय करून ठेवली होती. नकाशा उघडला की शोभा आपोआप बंद व्हायची, आणि नकाशा बंद केला की परत सुरू. दोघांचं भांडणच होऊ द्यायचं नाही. पण एके दिवशी पाहुणे आले आणि मुळे साहेबांना त्या खोलीत ठोकळा फिरेना. त्यांनी ताईंची ती सोय काढून टाकली. ताईंनी परत बसवली. त्यांनी परत काढली. ताईंनी त्यांना समोर बसवून सांगितलं की नकाशा थिजेल आणि अन्सारला कळणारसुद्धा नाही. साहेब गोड हसले आणि म्हणाले, तुम्ही फार काळजी करता.

त्याच आठवड्यात ते झालं. पैठणच्या बाजूला एक वस्ती होती. तिथल्या लोकांनी सकाळी फोन केला, अन्सारनं पडद्यावर पाहिलं, टँकर वस्तीच्या अलीकडच्या फाट्यावर उभा दिसत होता. आलाच समजा, तो म्हणाला. बायका हंडे घेऊन रस्त्यावर येऊन बसल्या. थोड्या वेळानं परत फोन. अन्सारनं पाहिलं, टँकर तिथंच. ड्रायव्हर जेवत असेल, येईल. ऊन वर चढलं. टँकर सकाळीच तो फाटा सोडून भलतीकडं गेला होता, आणि पडदा जुनंच चित्र दाखवत राहिला होता. दुपारी गयाबाई नावाच्या एका म्हातारीनं वाट बघणं सोडलं आणि ती तळाला गेलेल्या विहिरीत उतरली, घोटभर पाणी खरवडून आणायला. पायरी निसटली. खुबा मोडला.

चौकशीला सरकारी अधिकारी आले. मुळे साहेबांच्या काचेच्या केबिनमध्ये ते, साहेब, अन्सार आणि ताई बसले होते. आम्ही बाहेरून नुसते ओठ हलताना बघत होतो. ताई काहीतरी सांगत होत्या, हातानं पडद्याची खूण करत होत्या. साहेब हसले. अधिकारीही हसले. मग ताईंचे ओठ एकदाच हलले, आणि ते काय म्हणाले असतील हे आम्हा सगळ्यांना काचेतूनही कळलं.

आत काय झालं ते त्यांनी मला नंतर एकदाच सांगितलं. साहेबांनी अधिकाऱ्यांना सांगितलं की यंत्रणा बिनचूक आहे, माणूस झोपला होता. ताईंनी नकाशा थिजतो हे सांगितलं, तर साहेब म्हणाले, "खिडकी डुलली म्हणून टँकर थांबत नसतो, मॅडम. मेंढरं मोजण्याइतकं सोपं नाही हे." अन्सार म्हणत राहिला की मी झोपलो नव्हतो साहेब, डोळ्यांसमोर होता टँकर. त्याला त्याच दिवशी काढलं.

ताई सरकारी दवाखान्यात गयाबाईला बघायला गेल्या, मीही सोबत होते. म्हातारीनं ताईंचा हात धरला, गोंदणावरून बोट फिरवलं, कोणाची तू म्हणून विचारलं. ताईंनी बापाचं नाव सांगितलं. मग ती म्हणाली, "पोरी, आला होता का मग टँकर?"

ताईंनी तिची चादर सारखी केली. बाहेर आल्यावर त्या स्कूटरला किल्ली लावून नुसत्या उभ्या राहिल्या. मी कधी त्यांना तसं पाहिलं नव्हतं.

आणि खरा घाव त्यानंतर बसला. चौकशी मिटल्यावर काही दिवसांनी मुळे साहेब ताईंच्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले की त्या टँकरच्या खोलीत ते तुमचं जे होतं ना, ते परत बसवून टाका. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. आधी नसेल, पण तेव्हा ठाऊक झालं होतं, आणि तरी अन्सार झोपला होता हेच कायम राहिलं. ताईंनी उठून ती सोय बसवली.

शहागंजात अन्सारचं नाव "सोनेवाला", म्हणजे झोपणारा, असं पडलं. त्याच्या सासऱ्यानं ते पहिल्यांदा म्हटलं, मग गल्लीनं उचललं. त्यानं भावाच्या चिकनच्या दुकानात काम सुरू केलं. ताई दर ईदला त्याच्याकडं जायच्या. शिरखुर्मा पिऊन यायच्या.

पुढच्या काळात त्या मुळे साहेबांशी इतक्या नीट वागल्या की लोकांना वाटलं, विसरल्या. साहेबांनाही वाटलं. मला नाही वाटलं. एकदा मी किल्ल्याच्या बाजूच्या एका नव्या वसाहतीचा नकाशा काढत होते. ताई मागं येऊन उभ्या राहिल्या. "हा ओढा चुकलाय तुझा. इथून वळतो. या तुझ्या बागेच्या जागेवर आमची मेंढरं बसायची," त्या म्हणाल्या. मी ओढा दुरुस्त केला. त्या तरी उभ्याच. मग म्हणाल्या, "मेंढरांमागं फिरणाऱ्याला एक येतं, वृंदा. बसून राहता येतं."

मध्ये जेमतेम दोन पावसाळे बरे गेले आणि दुष्काळ पुन्हा आला, पहिल्यापेक्षा भयंकर. आता टँकरचं काम फक्त आपल्या जिल्ह्याचं नव्हे, आजूबाजूच्या सगळ्या जिल्ह्यांचं द्यायचं ठरत होतं. कंपनीच्या दृष्टीनं ते फार मोठं होतं. एका हॉटेलच्या सभागृहात मोठ्या अधिकारी बाईंसमोर आम्ही सगळं दाखवणार होतो. भला मोठा पडदा लावला. मुळे साहेबांनी सांगितलं की ठोकळा हवाच. एका बाजूला वाढतं शहर, दुसऱ्या बाजूला टँकर, तिसऱ्या बाजूला धरणातलं पाणी. फिरवत फिरवत बोलणार.

आदल्या दिवशी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ताई म्हणाल्या, "साहेब, टँकरच्या वेळी शोभा बंद ठेवू द्या. नकाशा थिजंल."

साहेब म्हणाले की अर्ध्या तासात काही थिजत नाही.

"सगळ्यांनी ऐकलं ना?" ताईंनी आमच्याकडं बघून विचारलं. आम्ही माना हलवल्या. "मग ठीकाय. तुम्ही म्हणता तसंच लावते."

आणि त्यांनी अगदी तसंच लावलं. कशाला कमी नाही, जास्त नाही. मी तिथं होते म्हणून सांगते, त्यांनी काहीही बिघडवलं नाही. त्यांना बिघडवावं लागलंच नाही.

सभागृहात थंडगार हवा होती आणि टेबलावर बाटलीबंद पाणी. ठोकळा फिरला, लोक खूश झाले. शहराची बाजू झाली. टँकरची बाजू आली, साहेब पंधराएक मिनिटं त्यावर बोलले. गाड्यांची निळी चिन्हं पडद्यावर होती, आपापल्या जागी. साहेब पुढं जाणार एवढ्यात मागच्या रांगेतून ताई उठल्या आणि अधिकारी बाईंना म्हणाल्या, "मॅडम, एक विनंती. यातल्या कुठल्याबी एका टँकरवाल्याला फोन लावा. कुठंय विचारा."

साहेबांचं हसू तसंच राहिलं, पण मान आखडली. अधिकारी बाईंना कल्पना आवडली. त्यांनी बिडकीनच्या पुढं दिसणारा एक टँकर निवडला, नंबर मागवला, फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावला. ड्रायव्हर म्हणाला, "चितेगावात हाय की. केव्हाचा भरायलोय."

"बिडकीनच्या पुढं नाही?"

"पुढं कामून जाऊ? रिकामा?"

सभागृहात खुर्च्या करकरल्या. ताई चालत पुढं गेल्या. साहेबांच्या समोरचा कीबोर्ड त्यांनी आपल्याकडं ओढला आणि शोभा बंद केली. पडदा एकदा फडफडला, ठोकळा गेला, आणि सगळी निळी चिन्हं एकदम उड्या मारून दुसरीकडं गेली. कुणी मैलभर, कुणी चार मैल. तो टँकर चितेगावात येऊन उभा राहिला. मी ते नकाशे काढले होते, पण इतक्या माणसांना त्याच्याकडं तसं बघताना मी कधी पाहिलं नव्हतं.

अधिकारी बाईंनी विचारलं की हे कधीपासून माहीत आहे.

"पहिल्या टँकरपासून," ताई म्हणाल्या. मग त्यांनी गयाबाईचं सांगितलं. फाटा, हंडे, विहीर, खुबा. अन्सारचं सांगितलं. आवाज नेहमीसारखाच खाली, त्यामुळं मागच्यांना ऐकायला पुढं झुकावं लागलं. सांगून झाल्यावर त्या मुळे साहेबांकडं वळल्या. "साहेब, तुम्हीच सांगा यांना. एवढंच म्हणा, अन्सार झोपला नव्हता."

साहेबांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं. "थोडी तांत्रिक अडचण होती," ते म्हणाले.

ताईंनी कीबोर्ड परत त्यांच्याकडं सरकवला. मग जागेवर येऊन बसल्या.

काम गेलं. मालकांनी मुळे साहेबांना काढलं, आणि त्या वर्षाअखेर ऑफिसही बंद झालं. आम्ही सगळे घरी बसलो. बीड बायपासच्या पलीकडं आम्ही नुकताच फ्लॅट घेतला होता. मला ताईंचा फार राग आला आणि मी जाऊन तो त्यांना बोलून दाखवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुझी नोकरी जाणार, हे मला आधीच ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "माझीबी जाणार हे ठाऊक होतं. तुला दुसरी मिळंल. त्या म्हातारीला दुसरा खुबा मिळणार नाय."

सॉरी वगैरे काही नाही. चहा मात्र केला. मला दुसरी नोकरी मिळाली, पण त्याआधी सहा महिने मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांनीही ते मनावर घेतलं नाही. दुसऱ्याचा राग त्यांना समजत असे.

अन्सारला हे सगळं सांगायला ताई त्याच्या भावाच्या दुकानात गेल्या होत्या. त्यानं कोंबडी कापता कापता शेवटपर्यंत ऐकलं. हात धुतले. म्हणाला, "अच्छा किया मॅडम. पर मेरेको बुलाया क्यूं नहीं? मैं भी देखता ना."

हे एकच त्यांना लागलं. हे मला सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, पण ताई, झालं ना आता, साहेब गेले, कंपनी गेली. त्या मान हलवत राहिल्या. "नाय झालं. साहेबानं म्हटलं नाय, अन्सार झोपला नव्हता म्हणून."

पुढं त्या लासूर स्टेशनला बाजार समितीजवळच्या एका अडत दुकानदाराच्या ऑफिसात संगणक सांभाळायला लागल्या. रोज रेल्वेनं जात. आमची भेट विरळ झाली. पाऊस परत नीट पडू लागला, शहर बायपास ओलांडून पार डोंगराला भिडलं, मी काढलेल्या वसाहतींमध्ये माणसं राहायला आली.

मध्यंतरी कळलं की मुळे साहेबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्यांच्या बायकोशी माझी ओळख होती, म्हणून रविवारी भेटायला गेले. साहेब आरामखुर्चीत होते, मांडीवर चादर. मला ओळखलं असावं. वहिनींनी सरबत दिलं आणि सांगत बसल्या की आजारपणात माणसं कळतात. इतके मित्र होते यांचे, एकजण फिरकत नाही. पण ऑफिसातल्या एक बाई आहेत, उंच, त्या दर रविवारी येतात. शहाळं आणतात. तासभर समोर बसून यांच्याकडून बोलण्याचा सराव करून घेतात. डॉक्टरांनी शिकवलेले सगळे व्यायाम त्यांनी पाठ करून घेतलेत. मी कंटाळते हो, पण त्या कंटाळत नाहीत. "गेल्या जन्मीचं काही देणं असेल," वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते.

मी साहेबांकडं पाहिलं. ते दाराकडं बघत होते.

निघाले तर जिन्यात ताई भेटल्या. केस पांढरे झाले होते, जाकीट तेच नव्हतं पण जाकीट होतं. हातात शहाळं. मी त्यांना तिथंच थांबवलं. म्हटलं, ताई, पुरे झालं. त्या माणसात आता काय राहिलंय.

"मी कुठं काय करायले?" त्या म्हणाल्या. "बोलायला शिकवायले. डॉक्टर म्हणतो, रोज बोललं की येईल वाचा."

"आणि आली की?"

"आली की तीन शब्द म्हणायचे त्यानं. मी अन्सारला घेऊन येणार हाय त्या दिवशी. त्याच्यासमोर म्हणायचे. मग मी परत या घरात पाय ठेवणार नाय." त्यांनी शहाळं दुसऱ्या हातात घेतलं. "एक शब्द आलाय. बाकीचे दोन येतील."

मला त्यांना अडवता आलं असतं की नाही, ठाऊक नाही. वहिनींना सांगावं का, हाही विचार आला. पण वहिनींच्या नवऱ्याची वाचा खरंच परत येत होती, आणि दुसरं कुणी ती आणत नव्हतं. मी बाजूला झाले. त्या वर गेल्या.

दार उघडंच होतं. खालच्या पायरीवरून मला आतलं दिसत होतं. ताईंनी स्टूल ओढून अगदी साहेबांच्या समोर ठेवलं, शहाळ्यात नळी घातली, त्यांना दोन घोट पाजले, पदरानं हनुवटी पुसली. मग पुढं झुकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, अजिबात घाई न करता म्हणाल्या, "हं. म्हणा." साहेबांचं तोंड एका बाजूनं उघडलं. ओठ थरथरले, मानेच्या शिरा ताणल्या. "झो," ते म्हणाले. वहिनींनी आनंदानं टाळी वाजवली. ताई बसून राहिल्या, पुढच्या अक्षराची वाट बघत.